परसातलं तळं, फुटलेला बांध आणि लाल चिखल – सल्ला हवाय

मागीलदार | १२ ऑगस्ट, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. गाव लांजा तालुक्यात, घर डोंगराच्या पायथ्याला. मागीलदारी मोकळी जागा होती तिथे ह्या एप्रिलात तळं खणून घेतलं. २० फूट बाय १५ फूट, मधे खोली ५ फूट. जेसीबीवाल्याने चार तासात काम उरकलं, निघालेली माती खालच्या अंगाला टाकून बांध केला, आत ५०० मायक्रॉनचा प्लॅस्टिकचा कागद अंथरला आणि जास्तीचं पाणी जायला बांधातून ४ इंची पीव्हीसी पाइप काढला. मे महिन्यात येणाऱ्या जाणाऱ्याला कौतुकाने दाखवत होतो, कमळं कुठे लावायची वगैरे सगळं ठरलं होतं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पहिला मोठा पाऊस झाला आणि सकाळी बघतो तर तळ्यात पाणी नाही, चहा. तो पण दुधाचा. वरच्या काजूच्या बागेतून (२० गुंठे असेल) सगळी लाल माती घेऊन पाणी सरळ तळ्यात आलं. बागेत गुडघाभर खोल ओघळ पडलेत. आणि गेल्या आठवड्यात तीन दिवस लागून पाऊस लागला त्यात पाइपाच्या बाजूने बांध फुटला, भगदाड एवढं की म्हैस आरामात जाईल. खालच्या वाफ्यातली नवी सुपारीची रोपं चिखलात गाडली गेली. आई म्हणते बुजवून टाक आणि पूर्वीसारखी वाल-पावटे लाव. बायको काही म्हणत नाही, ते जास्त वाईट आहे.

आता काय करू? बांध परत घालू का सरळ सगळं सिमेंटचं करून टाकू?

---

पुण्याचा_पिंट्या | १२ ऑगस्ट, रात्री ११:१५

सरळ आरसीसी भिंत घाला हो. एकदाच खर्च, कटकट संपली. आमच्या सोसायटीत मागच्या बाजूला घातलीये, ढिम्म हललेली नाही.

---

गडगा | १३ ऑगस्ट, सकाळी ७:०५

पिंट्याशेठ, सोसायटीच्या मागे डोंगर आहे का? मातीत पाणी भरलं की भिंतीवर मागून दाब येतो, पाणी जायला भोकं नसतील तर भिंतीचं पोट पुढे येतं आणि एक दिवस अख्खी आडवी. आमच्याकडे आजोबांनी घातलेले दगडांचे गडगे अजून उभे आहेत कारण बिनचुन्याचे आहेत, फटीफटीतून पाणी निघून जातं, माती मागे राहते.

मागीलदार, मला सांगा वरची बाग साफ कधी केली होती?

---

मागीलदार | १३ ऑगस्ट, सकाळी ९:३०

दरवर्षीसारखी जानेवारीत, बिया वेचायला सोपं पडतं म्हणून. ग्रासकटर मारला, पातेरा (खाली पडलेली वाळकी पानं) गोळा करून जाळला. यावर्षी मनुष्यबळ नव्हतं म्हणून नंतर तणनाशक पण मारलं एकदा. का हो?

---

गडगा | १३ ऑगस्ट, सकाळी ९:४८

मिळालं उत्तर. तुमचा आजार तळ्यात नाही, वर बागेत आहे.

---

मृदाताई | १३ ऑगस्ट, दुपारी २:२०

मी पाणलोटाच्या कामावर बरीच वर्षं घालवली आहेत (आता निवृत्त, आता फक्त दुसऱ्यांच्या बांधांना नावं ठेवते). गडगा म्हणतात ते खरंय. पावसाचा थेंब उघड्या मातीवर आपटला की मातीचा कण सुटतो, तिथूनच सुरुवात. पातेरा असता तर थेंब त्याच्यावर फुटला असता. तुम्ही पातेरा जाळला, गवताची मुळं औषधाने मारली, म्हणजे डोंगराचं पांघरूणही काढलं आणि गादी पण.

आता हिशोब बघा, मी उगाच घाबरवत नाहीये. २० गुंठे म्हणजे साधारण २ हजार चौरस मीटर. एक चौरस मीटरवर एक मिमी पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. तासाला ६० मिमी पडला, जो आपल्याकडे जुलैत काही नवलाचा नाही, तर १ लाख २० हजार लिटर. त्यातलं साठ टक्के वाहून आलं तरी ७२ हजार लिटर एका तासात, म्हणजे सेकंदाला २० लिटर. तुमचा ४ इंची पाइप, तोंडावर वीतभर पाणी उभं राहिलं तरी सेकंदाला आठेक लिटर सोडणार, आणि तेही तोंडात काजूची पानं अडकली नाहीत तर. उरलेलं पाणी कुठे जाणार? बांधावरून. मातीच्या बांधावरून पाणी गेलं की बांध संपला.

तुमचं तळं तिरक्या बाजू धरून जेमतेम २०-२५ हजार लिटरचं. ते भरायला डोंगराची गरजच नाही. घराचं छप्पर किती आहे?

---

मागीलदार | १३ ऑगस्ट, रात्री ९:१०

कौलारू, १२०० चौरस फूट असेल पागोळ्यांपर्यंत धरून.

---

मृदाताई | १३ ऑगस्ट, रात्री ९:३२

म्हणजे १११ चौरस मीटर. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३ हजार मिमीच्या पुढेच पाऊस, म्हणजे नुसत्या छपरावरून तीन लाख लिटरच्या वर स्वच्छ पाणी पागोळ्यांतून गळून वाया जातं. तळं दहा वेळा भरेल. पन्हळ लावा, ते पाणी तळ्यात घ्या आणि डोंगराचं पाणी तळ्याला शिवू पण देऊ नका. वरच्या अंगाला वळणचर काढून ते बाजूने न्या.

---

चिखल्या | १३ ऑगस्ट, रात्री ९:५५

>> डोंगराचं पाणी तळ्याला शिवू पण देऊ नका

बाजूने नेऊन सोडायचं कुठे पण? आमच्याकडे चुलत्याने असाच चर काढून पाणी आमच्या कलमांत सोडलं होतं, त्यावरून दोन पिढ्या बोलणं बंद आहे 😀 भावकीत बांधावरून डोकी फुटतात, चरावरून पण फुटतील.

---

मृदाताई | १३ ऑगस्ट, रात्री १०:०४

बरोबर प्रश्न. पाणी पूर्वीपासून जिथे जात होतं तिथेच सोडायचं, नवीन वाट द्यायची नाही. जवळ पऱ्या (ओढा) असेलच.

---

मागीलदार | १४ ऑगस्ट, सकाळी ८:००

आहे, घराच्या उत्तरेला ६०-७० फुटांवर पऱ्या आहे, पावसाळाभर वाहतो. आई म्हणतेय पूर्वी तिथे जायला चर होताच, जेसीबीने सपाटी करताना आम्हीच बुजवला. मला तो आठवतच नव्हता!!

---

कुडाळकार | १४ ऑगस्ट, सकाळी ८:४०

आवशीक विचारूचा आधी, जेसीबीवाल्याक मागसून.

पाइपाचा सांगतंय. बांधातसून पाइप काडलो की पाइपाच्या भायरसून पाणी वाट करता, ता वयल्यान दिसना नाय. मातयेत पाइप बसता पण पाइपाच्या खाली माती ठोकूचो धुम्मस पोचना नाय, थय पोकळ रवता. आणि दुसरा म्हणजे कुर्ल्यो. बांधात कुर्लेचा बीळ असला की झाला काम. फुटलेल्या जाग्यार बिळा दिसतत काय बघ.

---

मागीलदार | १४ ऑगस्ट, संध्याकाळी ६:२०

कुडाळकार, आत्ता जाऊन बघितलं. दोन बिळं आहेत, हात कोपरापर्यंत गेला आत. (लगेच बाहेर काढला.)

---

पुण्याचा_पिंट्या | १४ ऑगस्ट, संध्याकाळी ७:००

खेकड्यांनी धरण फोडलं हे ऐकलं होतं, आज पुराव्यासकट वाचलं 😂

---

मृदाताई | १४ ऑगस्ट, रात्री ८:१५

हसू नका, लहान बांधाला खेकडे आणि घुशी खरंच पोखरतात. पण ठासून भरलेल्या बांधात त्यांना बीळ करायला जड जातं, सैल भरावात त्यांची चंगळ. तुमचा बांध म्हणजे जेसीबीने ओतलेला ढीग होता. बांध करायची रीत अशी की आधी खालचं गवत-मुळं खरवडून काढायची, मधोमध फूट-दीड फूट खोल चर खणायचा म्हणजे बांधाला पाय मिळतो, मग माती सहा-सहा इंचांच्या थरात टाकायची, प्रत्येक थरावर पाणी शिंपडून धुम्मस करायचा. माती मुठीत दाबली की गोळा झाला पाहिजे पण हाताला चिखल लागता नये. कंटाळवाणं काम आहे, जेसीबीवाला करणार नाही, समोर उभं राहून करून घ्यावं लागतं.

आणि पाइप विसरा. बांधाच्या टोकाला, जिथे मूळची न खणलेली जमीन आहे तिथे उघडा सांडवा ठेवा, एक मीटर रुंद. एक मीटर रुंदीवरून चार बोटं, म्हणजे १० सेंटीमीटर पाणी गेलं तर सेकंदाला ५० लिटर निघून जातं. वरचा चर एखाद्या रात्री तुंबलाच तरी तुमच्या २० लिटरला पुरून उरतं. पानं अडकायचा प्रश्न नाही. बांधाचा माथा सांडव्यापेक्षा दीड फूट तरी वर पाहिजे.

---

गडगा | १५ ऑगस्ट, सकाळी ७:३०

बागेतल्या ओघळांबद्दल माझे दोन आणे. माती टाकून बुजवू नका, पुढच्या पावसात ती पण तळ्यात येईल. ओघळात आडवे दगड रचा, सुके, सिमेंट नको. मधला भाग दोन्ही कडांपेक्षा खाली ठेवा, खोलगट बशीसारखा. हेच सगळे चुकतात, मस्त सरळ भिंत रचतात आणि पाणी कडेने नवीन ओघळ पाडून जातं. खालच्या दगडांची टाच जमिनीत रुतलेली पाहिजे आणि जिथे पाणी पडतं तिथे पण दगड पसरा. दोन अडसरांतलं अंतर साधं आहे, खालच्याचा माथा वरच्याच्या पायाच्या लेव्हलला आला की झालं. उताराला जवळजवळ येतात, सपाटीला लांब लांब.

चर काढताना डोळ्यावर विश्वास ठेवू नका, डोंगरावर डोळा फसवतो. पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल काढा, नाहीतर तीन बांबूंची ए-फ्रेम करा, मधे दोरीला दगड. वळणचराला १०० फुटांत ६ इंच उतार पुरे. जास्त दिलात तर चरच ओघळ होईल.

---

कमळी | १५ ऑगस्ट, दुपारी १२:१०

धागा आवडला, आमचं पण करायचंय (अलिबागजवळ). कडेला काय लावायचं हे कोणी सांगा ना. नर्सरीवाला लॉन सांगतोय.

---

मृदाताई | १५ ऑगस्ट, दुपारी ३:४५

लॉन नको. वाळा लावा, आपला नेहमीचा माठात टाकायचा वाळा. मुळं सरळ खाली जातात, चांगल्या जमिनीत ३ मीटरपर्यंत, आडवी पसरत नाहीत त्यामुळे शेजारच्या झाडाशी भांडण नाही. जूनमधे ठोंब फोडून चार ते सहा इंचांवर एका ओळीत लावायचे, ओळ समपातळीवर. दाट लावलात तरच कुंपण होतं, फूट फूट अंतरावर लावलात तर नुसती शोभा. पहिलं वर्ष गुरं सोडू नका. काठावर पाण्यालगत वेखंड, कर्दळ चालेल. पाणकणीस दिसायला छान पण तीन वर्षांत तळं त्याचं होतं. आणि कोणी जलपर्णी "जांभळी फुलं किती गोड" म्हणून आणून दिली तर त्या माणसाशी संबंध तोडा.

उघड्या उतारावर लगेच काही हवं असेल तर काथ्याची जाळी खुंट्या मारून अंथरा, तिच्यातून गवत वर येईतो ती माती धरून ठेवते आणि नंतर कुजून जाते.

---

चिखल्या | १५ ऑगस्ट, संध्याकाळी ५:००

अजून एक, कागद अंथरणाऱ्यांसाठी. आमच्या तळ्यात भर जुलैत कागद खालून फुगून वर आला, पाण्यात रेडा बसल्यासारखा. खालचं भूजल वर आलं की असं होतं. तळं भरलेलं ठेवलं तर वजनाने बसून राहतो, आम्ही गाळ काढायला रिकामं केलं आणि फसलो. कागदाखाली खडी भरलेला चर आणि भोकांचा पाइप टाकून तो खालच्या बाजूला उघडा सोडायचा होता, आता अक्कल आली.

---

मृदाताई | १५ ऑगस्ट, संध्याकाळी ५:२५

चिखल्या, मोलाची गोष्ट सांगितलीत. फक्त तो पाइप नवीन बांधाच्या पोटातून नेऊ नका, टोकाच्या पक्क्या जमिनीतून काढा, नाहीतर कुडाळकारांनी सांगितलेलंच परत होणार.

आणि नुसतं कलमांना उन्हाळ्यात पाणी घालायचं असेल तर एवढं मोठं तळं लागतंच असं नाही, दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं कोकण जलकुंड ४ बाय १ बाय १ मीटरचं असतं, ४ हजार लिटर. ज्यांना हौस नाही गरज आहे त्यांनी ते बघावं.

---

मागीलदार | १५ ऑगस्ट, रात्री ९:००

आम्हाला हौस आहे हो ताई, तीच तर अडचण. पण एक विचारतो, वर बागेतच एखादा मोठा खड्डा मारून पाणी तिथेच अडवलं तर? म्हणजे खाली येणारच नाही.

---

गडगा | १५ ऑगस्ट, रात्री ९:२०

घराच्या डोक्यावर, तीव्र उतारावर? अजिबात नको. उतारातली माती पाण्याने फुगली की जड होते आणि पकड सुटते. २२ जुलै २०२१ ला महाडजवळ तळियेत दरडीने काय झालं आठवा. खड्ड्यामुळेच दरड येते असं म्हणत नाही, पण घराच्या वर पाणी जिरवायचं नसतं, तिथून ते शांतपणे बाजूला न्यायचं असतं. जिरवायचं असेल तर घराच्या खालच्या अंगाला जिरवा. डोंगरात नवीन भेगा, झाडं वाकलेली, अचानक गढूळ झरा असं काही दिसलं तर तळं-बिळं सोडा आणि आधी घराबाहेर पडा, मग तलाठ्याला कळवा.

---

मागीलदार | १५ ऑगस्ट, रात्री ९:३५

पटलं. आता पाऊस संपेतो बांधाला हात लावत नाही. भगदाडाच्या कडेला ताडपत्री टाकून दगड ठेवलेत.

---

मागीलदार | ९ जानेवारी, रात्री १०:१५

धागा वर काढतोय. डिसेंबरात काम सुरू केलं. बांध पूर्ण काढला आणि थर थर परत घातला. गड्यांनी दुसऱ्या दिवशी "हे काय रस्त्याचं काम आहे का" म्हणून कुरकुर केली, मग मीच धुम्मस धरला, तिसऱ्या दिवशी मला उठता येईना. कागदाखालचा चर पण केला, चिखल्या धन्यवाद. आईने दाखवलेल्या जागी जुना चर खरंच सापडला, दोन हात खाली जुने जांभ्याचे चिरे बसवलेले! कोणी बसवले आईला पण माहीत नाही. तोच साफ करून पऱ्यापर्यंत नेला. बागेत सतरा अडसर झालेत, दगड ओघळातलेच. यंदा पातेरा जाळलेला नाही, झाडाखाली फक्त बिया वेचण्यापुरतं गोल साफ केलं आणि मधे गवताचे पट्टे ठेवलेत. बिया वेचायला बाया थोड्या वैतागल्यात.

चराच्या खालची परसाची पट्टी राहते, तिचं पाणी तळ्यात येणारच, म्हणून तळ्याच्या आधी गाळखड्डा केला ६ बाय ३ बाय ३ फूट. त्यातून चिऱ्यावरून पाणी सांडून तळ्यात पडेल, पडतं तिथे दगडी पिचिंग. अजून काही राहिलंय का?

---

कमळी | १० जानेवारी, सकाळी ११:००

घरात लहान मुलं असतील तर कुंपण!! आणि कागद ओला झाला की भयंकर निसरडा असतो, मोठा माणूस पण वर येऊ शकत नाही. गाठी मारलेला दोर कायम आत सोडून ठेवा, शिडी असेल तर उत्तम. कुत्री-मांजरं पण अशीच जातात.

---

मागीलदार | १० जानेवारी, दुपारी १:१०

पुतण्या पाच वर्षांचा आहे. आजच बांबूचं सांगतो.

---

मागीलदार | २१ जून, रात्री ८:३०

पहिला मोठा पाऊस झाला, काल रात्रीपासून. चांगली बातमी म्हणजे वळणचर धावला, पाणी पऱ्यात गेलं. वाईट बातमी म्हणजे सांडव्याची कड लेव्हलमधे नव्हती, इंचभर उजवीकडे कलती होती, आणि सगळं पाणी त्याच कोपऱ्यातून जाऊन सकाळपर्यंत तिथे वीतभर माती कापली गेली. एक इंच हो!! नळीची लेव्हल चरासाठी वापरली आणि सांडवा नजरेने केला.

---

गडगा | २१ जून, रात्री ८:४४

सगळे एकदा तरी करतात. कडेला आडवा चिरा लेव्हलमधे बसवा, खाली दगड भरा. पाऊस उघडला की लगेच, थांबू नका.

---

मागीलदार | २१ जून, रात्री ८:५०

चिरे आणायला उद्या सकाळी जातो.

---

मागीलदार | १८ सप्टेंबर, संध्याकाळी ७:२०

बरेच दिवस लिहायचं होतं. बांध आहे. जुलैत चार दिवस धो धो झाला तेव्हा रात्री दोनदा बॅटरी घेऊन बघून आलो, सांडव्यावरून दोन बोटं पाणी शांत चाललं होतं. गाळखड्डा तीनदा उपसला, तिसऱ्या वेळी मोजली तर ३८ घमेली. ती माती सुपारीलाच घातली, तिचीच होती. बागेतल्या वरच्या अडसरांमागे माती भरून त्यावर गवत आलंय, दोन अडसर मात्र वाहून गेले, तेच ज्यांची मधली बशी करायला मी कंटाळा केला होता. पाणी अजून जरा तांबूस आहे पण हात घातला तर बोटं दिसतात.

डासांसाठी आरोग्य केंद्रातून गप्पी देतात असं कळलं, पण आमची सांडव्याची वाट पऱ्याला मिळते, तिथे गप्पी गेले तर मूळच्या माशांचं काय म्हणून आणले नाहीत. आमच्याच विहिरीतले पिकू आणून सोडलेत, डोक्यावर चमकता ठिपका असतो ते. पुतण्या कुंपणाबाहेर उभा राहून ठिपके मोजत असतो.

एकच शंका. काल बांधाच्या बाहेरच्या बाजूला, वाळ्याच्या ओळीच्या जरा वर, परत एक बीळ दिसलंय. वीतभर खोल आहे, ओल नाहीये. काय करू?

---

मृदाताई | १८ सप्टेंबर, रात्री ८:०२

ओल नाही म्हणजे आरपार गेलेलं नाही. खणून उघडं करा, ओलसर चिकण माती थोडी थोडी टाकून पहारेने ठोकून भरा. नुसता दगड कोंबू नका, त्याच्या कडेने पाणी वाट काढेल.

---

कुडाळकार | १८ सप्टेंबर, रात्री ८:३०

भरूच्या आधी कुर्ली भायर काड. भितुर रवली तर दुसऱ्या बाजून येतली. रात्री बॅटरी घेवन बस, भायर इली की धर. रश्श्याक एक पुरना नाय, आणखी चार बघ.

---

मागीलदार | १८ सप्टेंबर, रात्री ११:५०

एक मिळाली. आईने रश्श्याचं वाटप करून ठेवलंय, उद्या पहार घेतो.